अँटिगनीत गुलाम कुठं उभा आहे?

'अँटिगनी' हे नाटक वर्गात शिकवायला घेतलं की एक प्रश्न ठरलेला. बरोबर कोण? राजा क्रेऑन की ती पोरगी अँटिगनी? अर्धा वर्ग इकडं, अर्धा तिकडं. तास संपत आला की मास्तर समेट घडवतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून तर ही शोकांतिका. घंटा होते. गाइडात हेच उत्तर छापलेलं असतं आणि पोरं तेच घोकतात.

दोस्तहो, आपल्या अभ्यासवर्गात हे नाटक घ्यायचं तर या उत्तरावर थांबून चालणार नाही. हे उत्तर आभाळातून पडलेलं नाही. ते कुणीतरी, कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी साली दिलेलं आहे. त्याच्या आधी दुसरी उत्तरं होती, नंतर तिसरी आली. नाटक तेच, ओळी त्याच. अर्थ मात्र वाचणाऱ्याबरोबर बदलत गेला. कुणी, कधी, कशापायी बदलला हे शोधणं म्हंजेच या नाटकाचा इतिहास.

मी गिरणीत पाळी करणारा माणूस. ग्रीक मला येत नाही. दोन-तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून, डिक्शनरी उघडी ठेवून मी हे वाचलं. त्याचा एक फायदा असा की एकाच ओळीला दोन भाषांतरकार दोन वेगळं बोलले की समजायचं, मूळ सुतात इथं गाठ आहे. अशा गाठी या नाटकात बऱ्याच आहेत.

आधी गोष्ट सांगून टाकू. थीब्ज नावाचं शहर. इडिपस राजाचे दोन मुलगे, इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस, गादीवरून भांडले. एक शहर राखताना मेला, दुसरा बाहेरचं सैन्य घेऊन चाल करून आला तेव्हा मेला. दोघं एकमेकांच्या हातून. त्यांचा मामा क्रेऑन गादीवर बसला. त्यानं फर्मान काढलं : इटिओक्लीसला मानानं पुरा, पॉलिनायसीस द्रोही, त्याचं मढं उघड्यावर पडू द्या, कुत्र्या-गिधाडांनी खाऊ द्या. माती देईल त्याला मरण. बहीण अँटिगनीनं माती दिली आणि ती पकडली गेली. क्रेऑननं तिला जिवंतपणी दगडी कबरीत कोंडलं. तिथं तिनं गळफास घेतला. क्रेऑनचा मुलगा हेमॉन, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, त्यानं तिच्या मढ्याशेजारी तलवार पोटात घातली. ते ऐकून त्याच्या आईनं, युरिडिसीनं, जीव दिला. क्रेऑन तेवढा उरला.

आता हे लिहिलं कुणी? सोफोक्लीसनं. काळ इ. स. पू. ४४१ च्या आसपास, गाव अथेन्स. हा कवी व्यवस्थेच्या बाहेर उभा राहून ओरडणारा नव्हता. अथेन्स मित्रशहरांकडून जी खंडणी वसूल करायचं, त्या खजिन्याच्या खजिनदारांपैकी तो इ. स. पू. ४४३-४२ साली एक होता. लगेच पुढं ४४१-४० साली तो सेनापती म्हणून निवडून आला आणि पेरिक्लीसबरोबर सॅमॉस बेटावरच्या मोहिमेच्या काळात त्या पदावर राहिला. म्हंजे राज्य चालवणं काय असतं हे त्याला आतून माहीत होतं. क्रेऑनची पहिली भाषणं इतकी वजनदार, इतकी शहाण्या राज्यकर्त्याची वाटतात ती काय उगाच नाही.

आणि मढ्याचा प्रश्न? तोही हवेतला नव्हता. अथेन्सचा कायदाच होता की देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या मातीत जागा नाही. थेमिस्टोक्लीसचं बघा. इ. स. पू. ४८० साली सॅलॅमिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडवणारा हा माणूस. पुढं त्याला हद्दपार केलं, द्रोहाचा आरोप ठेवला. तो इराणी राजाच्या आश्रयाला गेला आणि तिकडंच मेला. थ्युसिडिडीस हा इतिहासकार लिहून ठेवतो की त्याच्या नातेवाइकांच्या सांगण्याप्रमाणं त्याची हाडं गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरली, कारण उघडपणे पुरायला कायद्याची बंदी होती. 'अँटिगनी'चा पहिला प्रयोग बघायला बसलेल्या कित्येकांना थेमिस्टोक्लीस आठवत असणार. मधे वीस-एक वर्षं गेली होती एवढंच.

म्हणून त्या प्रेक्षकाला क्रेऑन सुरुवातीला राक्षस वाटला नसेल. द्रोह्याला माती नाही, हा तर त्यांचाच कायदा. फक्त फरक असा की अथेन्स द्रोह्याला हद्दीबाहेर काढायचं, बाहेर कुणी पुरलं तर पुरो. क्रेऑन मढं तिथंच ठेवून त्यावर पहारा बसवतो. कायदा कुठपर्यंत कायदा असतो आणि कुठून पुढं सूड होतो, ती रेघ सोफोक्लीस बोटानं दाखवत नाही. ती प्रेक्षकानं ओढायची.

आता गाठी एकेक घेऊ.

पहिली गाठ : पॉलिनायसीसला माती दोनदा दिली जाते. पहिल्यांदा पहाऱ्यावरच्यांच्या नकळत. धुळीचा पातळ थर, फावड्याची खूण नाही, गाडीच्या चाकाची नाही, जनावराच्या पंजाची नाही. म्हातारे कोरसवाले म्हणतात, हे देवाचं काम तर नसेल? पहारेकरी धूळ झाडून मढं पुन्हा उघडं करतात. मग भर दुपारी वावटळीत अँटिगनी येते, पुन्हा माती देते आणि सापडते. एकदा विधी झाला होता तर ती परत का आली? पंडितांनी यावर पानंच्या पानं लिहिली. १९११ साली रौज नावाच्या इंग्रज अभ्यासकानं वेगळीच शंका काढली : पहिली माती धाकट्या बहिणीनं, इस्मिनीनं दिली असेल. जी घाबरट म्हणून वर्गात हिणवली जाते, ती. बॉनी होनिग या बाईनं २०१३ च्या आपल्या पुस्तकात तीच शंका पुन्हा उचलून धरली. नाटकात इस्मिनी पुढं येऊन म्हणते खरी की मीही सामील होते. अँटिगनी तिला झिडकारते. आपण नेहमी थोरलीवर विश्वास ठेवत आलो. का ठेवला, हे एकदा स्वतःला विचारावं. ज्याचा आवाज मोठा त्याचं लढ्यात नाव राहतं, ही सवय चळवळीतही आहे.

दुसरी गाठ जास्त कडक. मरायला जाताना अँटिगनी म्हणते की नवरा मेला असता, मूल मेलं असतं, तर तिनं हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळतो, मूल दुसरं होतं. आईबाप गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा होत नाही. अरे, मग देवाच्या अलिखित कायद्याचं काय झालं? तो कायदा सगळ्या मढ्यांना लागू नाही? १८२७ साली गटे हा जर्मन कवी एकरमानजवळ बोलून गेला की कुणीतरी विद्वानानं या ओळी खोट्या, मागून घुसडलेल्या आहेत असं सिद्ध करावं. त्याला त्यांची लाज वाटत होती. पण अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या वक्तृत्वावरच्या ग्रंथात याच जागेचा दाखला दिलाय, म्हंजे इ. स. पू. चौथ्या शतकात त्या ओळी नाटकात होत्याच. हेरॉडोटसच्या इतिहासात एका इराणी बाईच्या तोंडी जवळपास हाच हिशेब आहे. ओळ नको वाटली की ती खोटी ठरवायची, ही खोड मोठमोठ्यांना असते.

तिसरी गाठ शब्दांची. कायद्याला दोघंही एकच शब्द वापरतात, नोमॉस. क्रेऑनचा नोमॉस शहराचा, अँटिगनीचा नोमॉस पाताळातल्या देवांचा. कोरस माणसाची थोरवी गातो त्यात माणसाला लावलेला 'देइनॉस' हा शब्द तर दुधारीच आहे. त्याचा अर्थ अद्भुतही होतो आणि भयंकरही. भाषांतरकाराला एकच बाजू घेता येते. शिकवताना निदान दुसरी आहे एवढं तरी सांगावं.

या सगळ्या गाठींवर भांडण आहे. एका जागी मात्र भांडण नाही, आणि माझं बोट त्या जागेवर आहे.

क्रेऑन विचारतो, शहर राखणारा आणि शहर जाळायला आलेला यांना सारखा मान कसा देतेस? अँटिगनीच्या उत्तरात गुलाम हा शब्द येतो. मेला तो काही गुलाम नव्हता, सख्खा भाऊ होता, एवढ्यावर ती त्याचा हक्क उभा करते. ही ५१७ वी ओळ. म्हंजे गुलाम असता तर? तर हा प्रश्नच उठला नसता. क्रेऑनही हाच शब्द वापरतो, फक्त शिवी म्हणून. तिच्या ताठ्याबद्दल बोलताना तो म्हणतो की शेजाऱ्याचा गुलाम असणाऱ्यानं एवढा तोरा मिरवू नये. मुलाला तो बाईचा गुलाम म्हणतो. मामा-भाचीचं कायद्यावर पटत नाही, देवावर पटत नाही, नात्यावर पटत नाही. गुलामावर पटतं.

कुणी म्हणेल, तिनं क्रेऑनला त्याच्याच भाषेत उत्तर दिलं, ते कवीचं मत कशावरून? बरोबर आहे. पात्राचं वाक्य कवीच्या नावावर मांडू नये. कदाचित सोफोक्लीस दाखवतच असेल की बंड करणारीसुद्धा किती आखूड दोरीवर उभी आहे. हीही एक गाठ म्हणा. पण मास्तरच्या फळ्यावर ही गाठ कधी आली नाही, कारण फळ्यापुढं बसणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगाला ती काचत नव्हती.

गुलाम नाटकात नाहीत असंही नाही. ५७८ व्या ओळीला क्रेऑन आपल्या गुलामांना हाक मारतो : या बायकांना आत न्या. ते नेतात. बोलत काही नाहीत. कष्टाळू, खालच्या थरातला म्हणावा असा एकच माणूस मोकळं बोलतो, तो पहारेकरी. चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली म्हणून बातमी द्यायला आला. वाटेत दहादा थांबला. राजा त्याला लाचखाऊ म्हणतो, गुन्हेगार आणला नाहीस तर जिवंत टांगीन म्हणतो. तो शपथेवर सांगतो की तापलेलं लोखंड हातात धरायला, विस्तवातून चालायला आम्ही सगळे तयार होतो. आता अथेन्सचा कायदा आठवा. कोर्टात गुलामाची साक्ष छळ करून घेतलेली असली तरच धरली जायची. हा पहारेकरी गुलाम की मोकळा हे सोफोक्लीसनं सांगितलेलं नाही, पण तापल्या लोखंडाची भीती तो कुठून आणतो ते कळतं. पोरगी पकडून दिल्यावर तो प्रामाणिकपणे सांगतो की वाईट वाटतं, पण स्वतःचा जीव वाचला याचं जास्त बरं वाटतं. वर्गात इथं हसतात. विनोदी प्रवेश, ताण हलका करणारा, असं गाइडात लिहिलेलं असतं. ज्यानं कधी मुकादमासमोर उभं राहून दुसऱ्याच्या चुकीचा जाब दिलाय त्यानं सांगावं, किती विनोदी आहे ते.

थेमिस्टोक्लीसचीच गोष्ट पुन्हा उलटून बघा. ज्या आरमारानं त्याचं नाव केलं ते बांधायला पैसा कुठला? लॉरियनच्या चांदीच्या खाणीतला. त्या चांदीचा वाटा लोकांत न वाटता जहाजं बांधा, हा सल्ला त्याचाच, इ. स. पू. ४८३ च्या सुमाराचा. खाणीत उतरायचे गुलाम. थेमिस्टोक्लीसची हाडं कुठं गेली हे थ्युसिडिडीसनं नोंदवलं. खाणीत मेलेल्या गुलामावर ग्रीकांची एकही शोकांतिका आपल्यापर्यंत आलेली नाही.

आता ते मास्तरचं उत्तर कुठून आलं ते बघू. त्याचा बाप हेगेल. १८०७ च्या 'फेनॉमेनॉलॉजी'त आणि पुढं सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत त्यानं हे नाटक घेतलं. एक बाजू राज्याच्या कायद्याची, दुसरी घराच्या नात्याची. दोन्ही खऱ्या, दोन्ही अर्ध्या, म्हणून टक्कर. डोकं अचाट, त्यात वाद नाही. १८४१ साली प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्यम यानं पॉट्सडॅमच्या राजवाड्यात हे नाटक मेंडेलसोहनच्या संगीतासह करवलं. राजानं क्रेऑन बघावा आणि शांतपणे झोपायला जावं, याला दोघंही बरोबर असण्याचं उत्तर फार सोयीचं.

ते उत्तर पुढं उघड्यावर तपासलं गेलं. ४ फेब्रुवारी १९४४, पॅरिस, आतलिए थिएटर. शहरावर जर्मन फौजेचा ताबा. ज्याँ अनुईनं आपली 'अँटिगनी' लावली. जर्मन सेन्सॉरनं पास केली, कारण अनुईचा क्रेऑन समजूतदार होता, कुणीतरी घाण काम करायलाच हवं असं म्हणणारा. थिएटरातल्या फ्रेंच पोरांना मात्र अँटिगनीचं 'नाही' तेवढं ऐकू आलं. छुप्या पत्रकांतून काहींनी अनुईवरच झोड उठवली की त्यानं क्रेऑनला मोकळं सोडलं. एकच प्रयोग, एकच खुर्च्यांची रांग, दोन नाटकं. ब्रेख्टला ही सरमिसळ नको होती. त्यानं फेब्रुवारी १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कूर गावात आपली 'अँटिगनी' केली, तिला एप्रिल १९४५ च्या बर्लिनचा प्रवेश जोडला आणि क्रेऑनचं युद्ध खाणींसाठी चाललेलं दाखवलं. गाठ त्यानं कात्रीनं कापली. कापल्यावर सूत सरळ झालं, थोडं आखूडही झालं.

आणि मग दक्षिण आफ्रिका. पोर्ट एलिझाबेथजवळच्या न्यू ब्रायटन या काळ्यांच्या वस्तीत 'सर्पंट प्लेयर्स' नावाची नाटकमंडळी होती. १९६५ साली ते 'अँटिगनी' बसवत होते. त्यांच्यातल्या नटांची धरपकड झाली, काहींची रवानगी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात. तिथं कैद्यांच्या कार्यक्रमात ही 'अँटिगनी' आठवून आठवून उभी केली गेली. त्यातून १९७३ साली केप टाउनला 'द आयलंड' हे नाटक आलं. अ‍ॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना या तिघांनी मिळून केलेलं. एका कोठडीत दोन कैदी. दिवसभर वाळू उपसायची, रात्री 'अँटिगनी'ची तालीम. बाईचा वेष घ्यायला विन्स्टन तयार नाही, सगळे हसतील म्हणतो. हे सगळं दंतकथा आहे, माझं आयुष्य खरं आहे म्हणतो. त्याचा गुन्हा काय? सरकारी पास पोलिसांच्या डोळ्यांदेखत जाळला. शिक्षा जन्मठेपेची. जॉनची शिक्षा कमी होऊन तीन महिन्यांवर येते आणि त्याला आपल्या शिक्षेचा शेवट दिसत नाही. त्यानंतर तो उभा राहतो. अँटिगनी होतो. आणि शेवटी बाईचा टोप काढून स्वतःच्या नावानं बोलतो.

याच बेटावर नेल्सन मंडेलांनीही 'अँटिगनी'त काम केलं, आणि त्यांच्या वाट्याला आला क्रेऑन. १९९४ च्या आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितलंय. क्रेऑन सुरुवातीला देशाचं भलं बघणारा वाटतो पण त्याला दया नाही, नेत्याला हा आंधळेपणा शोभत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. उद्या सत्ता हाती आली तर आपल्यात क्रेऑन किती निघेल, हा प्रश्न त्यांनी कैदी असतानाच अंगावर घालून बघितला. बरोबर कोण, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही, कारण यात बाजू न सोडता समोरच्याच्या कातडीत शिरणं आहे.

पण मला या बेटावर सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट दुसरीच. अँटिगनीनं भावाचा हक्क मागताना ज्याला बाजूला सारलं, त्याच माणसाच्या जातकुळीतले हे. अंगावर नंबर, खिशात पास, हातात घमेलं. अथेन्सच्या हिशेबात हे त्या मुक्या नोकरांच्या रांगेत उभे राहिले असते, 'आत न्या' म्हटलं की नेणारे. त्यांनी तिचे शब्द आपल्या तोंडात घेतले. तिनं बोलावलं नव्हतं. १९८६ साली ब्युनोस आयर्समध्ये ग्रिसेल्दा गाम्बारोनं आपली संतापलेली अँटिगनी लिहिली ती अशा देशात, जिथं लष्करानं माणसं गायब केली होती आणि आयांना माती द्यायला मढंच नव्हतं. तिथंही नाटक असंच गेलं, न बोलावता, ज्यांना गरज होती त्यांच्या हाती.

याचा अर्थ असा काढू नका की सोफोक्लीस आपला होता. तो त्याच्या शहराचा होता, खजिन्याचा हिशेब ठेवणारा, सेनापती. याचा अर्थ असाही नको की गुलामाचं नाव असं घेतलं म्हणून नाटक फेकून द्या. फेकलं असतं तर रॉबेन बेटावरच्या कोठडीत काय वाचलं असतं? नाटक वाचायचं, ओळ न ओळ वाचायची, आणि ५१७ व्या ओळीवर थांबून विचारायचं, इथं दोघांचं एकमत का आहे?

शेवटी कामाची सूचना. अभ्यासवर्गात वाचन ठेवाल तेव्हा भूमिका वाटून घ्या. चांगलं वाचणाऱ्याला क्रेऑन देऊ नका, ज्याला पुढारी व्हायचंय त्याला द्या. पहारेकरी कामावरून थेट आलेल्याला द्या आणि त्याच्या वेळी हसू आलं तर का आलं ते बोला. इस्मिनीला नीट ऐका. आणि दोन जणांना पहिल्या ओळीपासून भिंतीशी नुसतं उभं करा. त्यांना एकही वाक्य नाही. ५७८ व्या ओळीला राजा हाक मारील तेव्हा त्यांनी दोन्ही बहिणींना आत न्यायचं आणि परत येऊन उभं राहायचं. वाचन संपलं की चर्चेत पहिल्यांदा त्या दोघांना बोलू द्या.